बारा नंबरची डबी

आमच्या गाईच्या पायाचं नेमकं काय झालं, हे मला आजही सांगता येत नाही. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. रीत न मांडता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या पोराला बाकावर उभं करणारी बाई मी. पण हे गणित मांडायला बसलं की पहिल्याच पायरीवर डोकं गरगरतं.

गाय तांबडी, स्वभावाने गरीब. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. आमचे हे म्हणाले, "ओरडायला कोणीतरी हवं ना तुला, म्हणून आणलीस." म्हणोत बापडे. गावाच्या वर सगळा कातळाचा सडा, त्यावर जनावरं चरायला जातात आणि चिरेखाणीच्या बाजूला फुटक्या जांभ्याच्या कडा वर आलेल्या असतात. तिथेच कुठेतरी तिचा मागचा उजवा पाय कापला. खुराचे दोन भाग असतात ना, त्यांच्या बरोबर मधे. आठवडाभरात ती पाय टेकेनाशी झाली. बसलेली गाय उठली नाही तर पुढे काय होतं हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. मला रात्रंदिवस तीच धास्ती.

त्याच सुमारास शेजारच्या वहिनीची म्हैसही तशीच लंगडायला लागली. वहिनीचा नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन वेळणेश्वराकडे गेलेली. घरात ही आणि तिची म्हैस. संगमेश्वरच्या दोन हॉटेलांना तिचं दूध जायचं आणि तिचं सगळं त्यावरच. म्हणजे माझी गाय हौसेची आणि तिची म्हैस पोटाची, हा फरक आधीच सांगून ठेवते. तेव्हा मला तो दिसत नव्हता.

मग आली ती डॉक्टरीण. तरुण पोरगी, पशुवैद्यकाच्या कॉलेजात संशोधन करणारी. खुराच्या जखमांवर एक नवीन मलम तयार केलं होतं, ते खरंच लागू पडतं का हे तिला बघायचं होतं. आसपासच्या गावांतली अशी बरीच जनावरं तिने नोंदवली होती. गोठ्यात शेणात बसायला लाजली नाही, तिथेच ती मला आवडली. जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून पेनाने तिची कड गिरवून घ्यायची, म्हणजे पुढच्या आठवड्यात जखम किती आकसली ते कळतं. इंजेक्शन सगळ्यांनाच दिलं. जांभळ्या पाण्याने खूर रोज धुवायचा, तेही सगळ्यांनाच सांगितलं. आणि वर लावायला एकेक डबी दिली. आमची बारा नंबरची, वहिनीची तेरा.

"काही डब्यांत औषध घातलेलं मलम आहे," ती म्हणाली, "आणि काहींत नुसतं मलम. दिसायला, वासाला सारखंच."

"आमच्यात कुठलं?"

"मला माहीत नाही, बाई."

"अगो बाई, डॉक्टरलाच माहीत नाही?"

"मला कळलं तर माझी नजर फिरेल ना. जी बरी व्हायला हवी ती मला बरी दिसायला लागेल. यादी कॉलेजात बंद लिफाफ्यात आहे. सगळं संपल्यावर उघडायची."

मला ते पटलं. पेपर तपासताना आम्हीसुद्धा नाव झाकून तपासायचो. मी मान डोलावली, वर वहिनीलाही समजावून सांगितलं. डबी बदलायची नाही, दुसऱ्याची लावायची नाही, दर आठवड्याला डबीचं वजन होणार. वहिनी म्हणाली, "तुमी सांगाल तसा, बाई." तिचा माझ्यावर भारी विश्वास. तिच्या मुलीला मीच पाढे शिकवलेले.

पहिल्या आठवड्यानंतर डॉक्टरणीने प्लास्टिकवर प्लास्टिक ठेवून बघितलं. म्हशीची जखम चांगली करंगळीभर आत आली होती. आमच्या गाईची होती तिथेच. दुसऱ्या आठवड्यात म्हशीला नवी गुलाबी कातडी धरायला लागली आणि आमच्या गाईच्या जखमेला वास यायला लागला. डॉक्टरीण म्हणाली, "जखम खोल आहे, थोडा धीर धरा." धीर धरा म्हणे! पाय माझ्या गाईचा होता. रोज सकाळी गोठ्यात जाताना वाटायचं, आज उठेल की नाही. आणि कुंपणापलीकडे वहिनीची म्हैस मजेत रवंथ करताना दिसली की, खोटं कशाला बोलू, मला तिचा राग यायचा. म्हशीचा राग! वयाच्या साठीत!

माझी खात्रीच पटली. बारा नंबरात काही नाही, नुसतं मेण आहे मेलं. औषध सगळं तेरा नंबरात.

मी वहिनीकडे मागितलं नाही, एवढं मात्र खरं. नुसती तिच्या पडवीत जाऊन रडले. ती उठली, आत गेली आणि स्टीलच्या वाटीत तिच्या डबीतलं निम्मं मलम काढून घेऊन आली. "घेवा," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, डॉक्टरीण..." तर म्हणाली, "डाक्टरीन काय म्हनंल ता म्हनंल. मुका जनावर हाय ता. माज्या म्हशीला वाईच कमी लावीन."

घरी येऊन मी ते लावलं, उरलेलं केळीच्या पानावर काढून ठेवलं. आणि मग ती वाटी समोर ठेवून बसले. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत जात नाही. दोन आमसुलं घाला, गुळाचा खडा घाला, पण रिकामी नाही. शिवाय डबीच्या वजनाचं काय? वहिनीची डबी एकदम हलकी झाली आणि माझी भरलेलीच राहिली तर डॉक्टरणीला कळणारच. बत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, त्यामुळे कॉपी कुठे सापडते ते मला बरोबर ठाऊक. मी माझ्या बारा नंबरातलं निम्मं मलम त्या वाटीत काढलं, डबीत त्या जागी पानावरचं तेरा नंबरातलं वर भरलं, हाताने सारखं केलं आणि वाटी वहिनीला नेऊन दिली.

"ह्ये काय वो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तुझ्या डबीत घाल. तुला कमी नको पडायला. दोन्ही सारखंच आहे गं."

सारखंच आहे! ज्या बाईने वहिनीला दोन्हींतला फरक समजावला, तिनेच हे सांगितलं. मला तेव्हा पक्कं वाटत होतं की मी तिला मेण देतेय. तिची म्हैस बरी होतच आली आहे, तिला मेणाने काय होणार आहे, असं मी मनाला सांगितलं. तिचं पोट त्या म्हशीवर आहे हे मनाला सांगितलं नाही.

पुढचे बारा दिवस मी तेरा नंबरातलं मलम देवाच्या अंगाऱ्यासारखं लावलं. आणि गाय बिघडत गेली. पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप चढला. एका सकाळी ती उठलीच नाही. ह्यांनी आणि मी पोटाखालून गोणपाट घालून ओढलं तेव्हा कशीबशी उभी राहिली. तिकडे म्हशीची जखम पार भरली होती. मला काही कळेनासं झालं. औषध तिकडे होतं ते मी इकडे आणलं, मग ही का बिघडते? तिकडे मेण गेलं, मग ती का बरी होते?

डॉक्टरीण धावत आली. पू खुराच्या सांध्यात शिरला होता. "खुराच्या दोन भागांतला बाहेरचा कापून काढावा लागेल," ती म्हणाली, "म्हणजे उरलेल्या भागावर चालेल. नाहीतर गाय जाईल." ती सुईने पाय बधिर करत असताना मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. वाटी, अदलाबदल, वजन, सगळं. तिचा हात थांबला. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याची सवय आहे. ती एवढंच म्हणाली, "आता तुमची दोन्ही जनावरं मला यादीतून काढावी लागतील, बाई." मग तिने खाली मान घालून काम पुरं केलं, फार सुबक केलं. गाय वाचली. आता तीन पूर्ण आणि एका अर्ध्या खुरावर चालते, सड्यावर मात्र जात नाही.

लिफाफा उघडला तेव्हा तिने आठवणीने फोन केला. "बाई, तुमच्या बारा नंबरात औषध होतं. तेरात नुसतं मलम."

मी पायरीवर बसले. "म्हणजे मी माझ्या हाताने माझ्या गाईचं औषध काढून दिलं."

"तसं म्हणता येत नाही. तिच्या सांध्यात पू कदाचित आधीपासूनच उतरला असेल. औषधानेही थांबला नसता."

"आणि म्हैस? ती माझ्या औषधाने बरी झाली ना?"

"तेही सांगता येत नाही. ती आधीच भरत आली होती, नुसत्या धुण्याने आणि इंजेक्शनने सुद्धा."

"अगं पोरी, मग सांगता येतं तरी काय?"

"एका जनावरावरून काहीच नाही, बाई. म्हणून तर इतकी जनावरं घेतो आणि म्हणून तर डब्या बदलू नका म्हणतो."

फोन ठेवला. हे विचारायला आले, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही. आणि खरंच काही नाहीच म्हणाली ती. दोष दिला असता तर तो उचलून कुठेतरी ठेवता आला असता. तिने तोही दिला नाही.

आमची गाय आटली तेव्हापासून वहिनी रोज सकाळी तांब्याभर दूध आणून द्यायची. "बाईऽऽ" म्हणून आल्या आल्या मोठ्याने साद, मग पायरीवर टेकून दहा मिनिटं गप्पा. लिफाफ्याचं मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा फुलला. "बगा, तरी मी म्हनतंय! तुमच्या औशदानंच बरी झाली ती. तुमच्या पोटचा काढून दिलात तुमी."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणाचं काय बिघडत होतं? पण तिने माझे हात हातात घेतले आणि मला ते सोसेना. मी म्हटलं, "वहिनी, मी औषध म्हणून नव्हतं दिलं. त्यात काही नाही, नुसतं मेण आहे असं समजून दिलं. तुला सारखंच आहे म्हटलं, ते खोटं होतं."

तिने हात सोडले नाहीत.

"मी चांगला समजून दिला होता वो, बाई," एवढंच म्हणाली.

दूध अजून येतं, एक दिवस चुकलेलं नाही. सकाळी मी दार उघडते तेव्हा तांब्या पायरीवर ठेवलेला असतो. साद ऐकू येत नाही.