नाताळची बॅग

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी बडोद्याहून फोन आला. शेजारच्या हंसाबेन बोलत होत्या. "विनयभाई, एस्तेरबेन गयां," त्या म्हणाल्या. दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही, म्हणून त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने ते उघडलं. माझी थोरली बहीण स्वयंपाकघरात जमिनीवर होती. मी फोन ठेवला आणि गाडीची वेळ पाहिली.

त्याला आता सात आठवडे झाले. नाताळ पंधरवड्यावर आला आहे आणि या वर्षी मला कोणी "येताय ने?" असं विचारलेलं नाही. वाक्याच्या शेवटी 'ने' लावायची आमची बडोद्याची सवय. वडील रेल्वेतल्या नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून बडोद्याला आले, निवृत्त झाल्यावर छाणीच्या बाजूला दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. घरात प्रार्थना मराठीत, चर्चमध्ये उपासना गुजरातीत, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आमची बोली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला माझी बायको शैला तिथे आली, तेव्हा आई तिला मोठ्या मायेने म्हणाली, "नाताळला आपण सगळे भेगा पाहिजेत हं." भेगा म्हणजे गुजरातीत एकत्र. शैला नगरची. ती म्हणाली, "आमच्याकडे भेगा टाचेला पडतात." सगळ्यात जास्त हसली ती एस्तेरताई. संध्याकाळी ओव्हनमधून केक काढला, तर त्याचा माथा नेहमीसारखाच मधोमध तडकलेला. ताईने तो शैलापुढे धरला. "बघ, हासुद्धा भेगा झाला." तेव्हापासून आमच्याकडे केक तयार झाला असं कोणी म्हणत नसे, भेगा झाला म्हणत.

नाताळ म्हणजे ताई, असंच आम्ही धरून चाललो होतो. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आमच्या केकचा सुका मेवा रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजायचा. दर दोन दिवसांनी ती बरणी उघडून तो हलवायची आणि झाकण लावण्याआधी एक मनुका तोंडात टाकायची. कलकलांसाठी एक हिरवा कंगवा होता. मैद्याची बोराएवढी गोळी त्याच्या दातांवर दाबून गुंडाळली, की रेघारेघांचा शिंपला तयार होतो. मग तो तळायचा आणि साखरेच्या पाकात घोळायचा. तो कंगवा केसांना लावायचा नसे. एकदा माझ्या धाकट्याने, अरुणने, त्याने भांग पाडला, तर ताईने त्याला शिक्षा म्हणून दुपारभर कलकल वळायला बसवलं. तो अजून सांगतो की असली चांगली शिक्षा त्याला पुन्हा कधी झाली नाही.

पण तिचं खरं काम चांदणीचं. दिवाळी संपली की बडोद्यात उत्तरायणाचे पतंग दिसायला लागतात. ताई शहरातल्या वाडी भागात एका पतंगवाल्याकडे जाऊन बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन यायची. पाच टोकांचे दोन सांगाडे दोऱ्याने बांधायचे, मध्ये आडव्या काड्या देऊन ते फुगवायचे, वर खळीने कागद चिकटवायचा, आत बल्ब. पहिल्या वर्षी पतंगवाल्याने तिला विचारलं, बेन, ही कसली पतंग? ताईने त्याला सांगितलं, जी उडत नाही ती. नंतर दर वर्षी ती दुकानाच्या पायरीवर दिसली की तो आतल्या माणसाला ओरडून सांगायचा, न उडणाऱ्या पतंगाचा कागद काढ. हे ती आम्हाला त्याच्या आवाजात करून दाखवायची.

ती एका मराठी शाळेत खालच्या वर्गांना शिकवायची. आपलीच मराठी माणसं मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागली, तशी वर्गातली बाकं रिकामी होत गेली. तुकड्या एकत्र केल्या, मग ताईला ऑफिसात बसून दाखले लिहायचं काम दिलं. वडील त्याआधी दोन वर्षं गेले होते. आईचे गुडघे धरले होते. ताई तेव्हा बेचाळिशीची. अशात तिला नाशिकहून पत्र आलं. तिथल्या मुलींच्या एका वसतिगृहाला अधीक्षिका हवी होती. आधीच्या बाई जाणार होत्या, म्हणून डिसेंबरच्या मध्यापर्यंत हजर व्हायचं होतं. आई-वडील नसलेल्या काही मुली नाताळातही तिथेच राहत. "पन्नास जणींसाठी कलकल म्हणजे किती मैदा लागेल रे?" तिने मला फोनवर विचारलं होतं. तिचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटाच बडोद्याला गेलो. पलंगाखाली एक नवी निळी बॅग दिसली, कडक कडांची, दोन खटक्यांची. मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर ताईचं नाव आणि वसतिगृहाचा पत्ता. आईने नको म्हटलं नव्हतं. आई कधीच नको म्हणत नसे. तिने फक्त विचारलं होतं, "मग नाताळला सगळे भेगा कसे होणार, एस्तू?" आणि त्यानंतर ती दोन दिवस नीट जेवली नव्हती.

दुपारी ताई गच्चीत कामट्या तासत बसली होती. मी शेजारी पुस्तक घेऊन. मान वर न करता ती म्हणाली, "विनू, आईला यंदा तुमच्याकडे पुण्याला नेशील? तू म्हणालास तर ती येईल."

मला आमच्या दोन खोल्या दिसल्या, शैलाची नोकरी, पोरांचे अभ्यास. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट दिसली. छाणीचं घर, गॅलरीतली चांदणी आणि ओव्हनपाशी ताई. ते सोडून नाताळ कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

"एवढा नाताळ होऊन जाऊ दे," मी म्हणालो. "मग बघू."

"सारू," ती म्हणाली. बरं, एवढाच त्याचा अर्थ. आणि पुढची कामटी हातात घेतली.

नाताळ झाला. सगळे भेगा झाले. नाशिकला दुसऱ्या कुणी बाई रुजू झाल्या. जानेवारीत चांदणी उतरवताना ताईने निळी बॅग ओढून काढली. सांगाडा मोडून कामट्या, कागदाचे कोरे ताव, कंगवा, गव्हाणीतली मातीची मेंढरं, सगळं तिच्यात भरलं. "रिकामी ठेवून काय करायची?" असं आईला म्हणाली, असं आईनेच मला नंतर कौतुकाने सांगितलं. माझी मुलं तिला नाताळची बॅग म्हणू लागली. ती कशासाठी घेतली होती हे त्यांना कधी कळलं नाही. चिठ्ठी मात्र कुणी सोडली नाही, ताईनेही नाही.

पुढे आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. ताईने नोकरी लवकर सोडली. दाराबाहेर जायचं तर हंसाबेनना आईपाशी बसवून जायचं, आणि तासाभरात परत. त्या तासात ती पतंगाचा कागदही आणायची. आई पलंगावरून चांदणीकडे बघून सांगायची की डावं टोक वाकडं आहे, आणि ताई ते सोडवून पुन्हा बांधायची. आम्ही चार दिवस जायचो, खायचो, हसायचो, डबे भरून घेऊन यायचो. निघताना आई दर वेळी म्हणायची, एस्तू आहे म्हणून मला काळजी नाही. ते ऐकताना मलाही हलकं वाटायचं... हे लिहायला मला बराच वेळ लागला.

आई गेली तेव्हा ताई चोपन्न वर्षांची होती. दफनविधीनंतर पाहुणे पांगले. मी तिला म्हणालो, "ताई, आता तू मोकळी झालीस. कुठेही जा."

तिने चहाचे कप गोळा करता करता विचारलं, "कुठे?" टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मग आमचंच जाणं कमी झालं. मुलांच्या परीक्षा, मग नोकऱ्या, शैलाची पाठ. एका वर्षी अरुण ऑफिसच्या कामासाठी बडोद्याला गेला, तर अलकापुरीतून क्रीमचा केक घेऊन गेला. ताईने तो हंसाबेनच्या नातीला दिला आणि त्याच्यासाठी आपला केक भेगा केला. गेल्या नाताळाला मी एकटाच गेलो. दोघांपुरतं सगळं केलं होतं, चांदणी मात्र तेवढीच मोठी. पंच्याहत्तर कलकल मी स्वतः वळले, तिने त्यातले निम्मे नापास केले. मी परत निघायच्या दिवशी ती निळी बॅग भरत होती. खटका लागेना, म्हणून वर बसली. पाय जमिनीपासून जरा वर, हात मांडीवर, फलाटावर गाडीची वाट बघणारे बसतात तशी. म्हणाली, "विनू, हिला एकदा तरी गाडीत बसवायला हवं."

मी हसलो. तीही हसली. खटका लागला आणि तिने बॅग पलंगाखाली सरकवली.

ऑक्टोबरमध्ये घर बंद करताना बरणी सापडली, मनुका आणि टूटीफ्रूटी रसात बुडालेल्या. ती हंसाबेनना दिली. भांडी, कपडे चर्चमधल्या लोकांनी नेले. निळी बॅग मी घेतली. गाडीत ती सीटखाली मावली नाही, म्हणून शेजारी ठेवली. वाटेत बाकावरच्या एका माणसाने चिठ्ठी वाचून विचारलं, नाशिकला जाणार का. मी नाही म्हणालो.

बॅग आता पुण्यात, माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी आहे. तिच्यात कामट्या, कागद, मेंढरं आणि हिरवा कंगवा आहे. मुठीला चिठ्ठी आहे. तिच्यावर ताईचं नाव आहे आणि नाशिकचा पत्ता आहे.