नागूनं पानी घेतलं न्हाई

कुंभारवाड्याच्या आजूबाजूच्या वाड्यांत कोन मेलं, की सांगावा न्यायचा नागूनंच. चाळीस वरसं झाली. सांगावा आननारा उंबऱ्याच्या आत येत न्हाई आनि त्या घरचं पानी पीत न्हाई. तांब्या फुडं केला आनि नागूनं मान हलवली, की घरच्यांनी काय ते वळखायचं. मग नाव तेवढं इचारायचं. पर नागूचं एक व्हतं. मड्याचं तोंड आपन सोता बघितल्याबिगर, न्हाईतर बघनाऱ्याला समोर धरून इचारल्याबिगर त्यो पायात वहाना घालायचा न्हाई. म्हनून तर त्येच्या नुसत्या मान हलवन्यावर बायका बांगड्या फोडायच्या.

त्या दिशी सकाळी दुकानवाला गुरुदास रेंजच्या खडकावरनं धावत खाली आला. वाडीत फोन लागतोय त्यो त्या एका खडकावरच.

"नागूकाका, ह्ये बघा. रामनगरच्या वाटंला जीप उलटली. आपल्या तालुक्यातला एक जागीच ग्येला म्हनं."

फोटोत जीप आडवी, बाजूला निळ्या सदऱ्याचा मानूस पालथा पडलेला.

"आपल्या वाडीतला गणपती आज रामनगरलाच ग्येलाय न्हवं?" नागूनं इचारलं.

"व्हय, दाढ काढाय. निळाच सदरा घालून ग्येलाय. फोन बी बंद हाय त्येचा."

"बघितलं कोनी?"

"काका, साठ जनांनी फुडं धाडलंय ह्ये!"

"धाडलं साठांनी. बघितलं कोनी, त्ये सांग."

गुरुदास परत फोटोच बघाय लागला.

नागू म्हनला, केशरला नुसतं इचारून येतो, नवरा कुठल्या गाडीनं ग्येला. सांगावा न्हवं ह्यो. पर वाटंभर त्यो निळा सदरा काय डोळ्याफुडनं हलंना.

केशर, गणपतीची बायको, खळ्यावर भात वारवत व्हती. तिची सासू रुक्मा बाजूला सूप घिऊन बसलेली. "या काका, टेका की. आज इकडं कशी वाट चुकली?" म्हनत केशरनं तांब्या आनला.

नागूनं मान हलवली.

त्येचं त्येला बी कळलं न्हाई. आर्धं मन त्या फोटोनं खाल्लं व्हतं, मान हलली ती त्या आर्ध्यानं.

तांब्या केशरच्या हातातच ऱ्हायला. "कोन?" ती म्हनली.

"न्हाई गं, मी इचारायला आलोय. गणपती कुठल्या गाडीनं..."

नाव तोंडातनं निघालं मातर, रुक्मानं हंबरडा फोडला. शेजारनं बायका पळत आल्या. "आगं थांबा, मी काय बी बघितल्यालं न्हाई!" नागू वरडत व्हता, पर पानी न घेतलेल्या नागूचं कोन ऐकतंय? शेजारच्या सावित्रीनं केशरचं हात उखळावर धरलं आनि बांगड्या फोडल्या. केशर रडली न्हाई. दुसऱ्या कुनाचं हात असल्यावानी बघत बसली.

तवर तिकडं हंबरडा ऐकून गुरुदासानं खडकावर चढून मोबाइलात लिवलं बी, "गणपती गेला. नागूकाका सांगावा घेऊन गेले."

दुपारच्या बसनं गणपती आला. गाल फुगलेला, तोंडात कापूस. दारात बायका बघून हातानंच इचारतोय, काय झालं? रुक्मा त्येच्या गळ्यात पडली. केशर जाग्यावरनं हालली न्हाई. त्येच्या गालाकडं बघून म्हनली, "पेज पातळ करू काय?"

नागूनं गुरुदासाचा मोबाइल परत मागून घेतला. जीपखालची माती काळी कुळकुळीत. आपल्याकडं कुठं बी खना, तांबडी. फोटोत लांबवर झाड म्हनून एक न्हाई, आपल्याकडं समदं रान. फोटो दुसऱ्याच मुलखातला.

"सदरा बघितला रं," त्यो म्हनला. "माती बघितली न्हाई."

"काढून टाकतो काका."

"काढ. पर वाचून घरातनं निघाली त्येंचं काय?"

केशरचं म्हायेर बाजारकुणंगला. नागू त्या वाटंला लागला. ओढ्यापाशी तिचा बाप महाबळेश्वर भेटला, संगट तिचं दोघं भाऊ. काखंत कोरं लुगडं. लेक रांडावली की म्हायेरानं न्यायचं असतंय.

"पाव्हनं, जावई जिता हाय."

म्हातारा थांबला न्हाई. "सकाळी मेला, दुपारी जिता?"

"माझी चूक झाली. मी बघितलं न्हवतं."

"मोबाइलात रोज कोन ना कोन मरतंय, नागू. मी काय जाग्यावरनं उठत न्हाई. तुझं नाव व्हतं म्हनून उठलो."

नागू वाटंतनं बाजूला झाला.

"आता बी माझ्यावर इस्वास ठेवू नकासा," त्यो म्हनला. "चला, तुमच्या डोळ्यानंच बघा."

तिघं फुडं झाली. नागू त्यांच्या मागनं चालला.