पावसाळ्यातला जंजिरा

‘ती घटना आजही आठवते’ अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. मला मात्र आधी माझा फुलाफुलांचा शर्ट आठवतो आणि त्याच्या मागून घटना येते. शर्ट बायकोने निवडला होता. साध्या वेशात ओळखू येऊ नये म्हणून घातला, पण त्यात मी वेशांतर केलेला पोलीस दिसत होतो. म्हणजे नुसत्या पोलिसापेक्षा जरा जास्तच पोलीस.

तेव्हा मी लोणावळा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे पावसाळा म्हणजे सीझन. धरणावर बंदोबस्त, घाटात बंदोबस्त, धबधब्यात घसरलेल्यांचे पंचनामे आणि रस्त्यात गाडी लावून नाचणाऱ्यांवर केसेस. अशाच आषाढातल्या एका सकाळी आंदर मावळातल्या वाडीवरचे एक म्हातारे ठाण्यात आले. डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल. ठाणे अंमलदाराने बाकावर बसायला सांगितलं, तर खालीच बसले. बाक ओला होईल म्हणाले. त्यांना मी इथे आबा म्हणतो, तेव्हाही तसंच म्हणायचो.

त्यांची मुलगी लोणावळ्यात एका बंगल्यावर साफसफाईला होती आणि तिथेच राहायची. सुट्टीला घरी यायची, ती येईनाशी झाली. बंगल्याच्या मुकादमाला वाटलं घरी गेली, घरच्यांना वाटलं कामावर आहे. आम्ही मिसिंग दाखल केली. मुलगी सज्ञान, स्वतःचा फोन नाही, फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला.

बातमी आली ती चिक्कीच्या दुकानातून. आमचा एक खबरी तिथे बसायचा. त्याच्याकडे चिक्कीपेक्षा बातम्यांचा खप जास्त. तो म्हणाला, “साहेब, ती पोरगी एका टुरिस्ट गाडीच्या ड्रायव्हरबरोबर दिसायची. त्याला घरी बायको-पोरं आहेत, पण ते तिला माहीत नसावं.”

ड्रायव्हरला बोलावून घेतलं. तिशीचा, नम्र, शर्ट इस्त्रीचा. काही लपवलं नाही त्याने, निदान मला तसं वाटलं.

“व्हय साहेब, नेलती मी तिला. खोटं कशाला बोलू. तिला समुद्र बगायचा व्हता. मोटारसायकलवर मुरुडला गेलो, जंजिरा फिरलो. मग म्हनली, मी न्हाई येत परत, हितंच कुटं तरी काम बगते. लय भांडली. मी आलो निघून.”

“फोन का बंद होता तुझा?”

“भिजला ना साहेब. पाऊस कसला व्हता तवा.”

टॉवर लोकेशनही त्याला धरूनच होतं, तारीख आषाढाच्या सुरुवातीची. लोणावळ्यात फोन बंद झाला, नंतर लोणावळ्यातच सुरू झाला.

आता माझी चौकशीची पद्धत सांगतो, कारण मला तिचा फार अभिमान होता. मी हात उचलत नसे, तपशील विचारत असे. खोटं बोलणारा माणूस मोठ्या गोष्टी पाठ करून येतो, बारक्या नाही, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. तेव्हा याला बारीकसारीक विचारलं. होडी कसली? शिडाची. किल्ल्यात उतरायचं कसं? “दरवाजापाशी होडी वरखाली हालती साहेब, वर आली की पाय टाकायचा.” आत काय? मोठी तोफ, गोड्या पाण्याचं तळं. मी जंजिरा जन्मात पाहिलेला नव्हता. घरी जाऊन मोबाइलवर व्हिडिओ लावून त्याची सगळी उत्तरं तपासली. पैकीच्या पैकी मार्क पडले. दुसऱ्या दिवशी हवालदाराला म्हणालो, “हा खरं बोलतोय. पाहिल्याशिवाय असं सांगता येत नाही.”

पाहिलेलं होतंच त्याने. कधी, ते विचारायचं मला सुचलं नाही.

मुरुडच्या पोलिसांना संदेश पाठवला. अशी मुलगी आढळून येत नाही, असं उत्तर आलं. सज्ञान मुलगी राजीखुशीने निघून गेली, एवढा शेरा मारून कागद वर पाठवायचा बाकी होता. ड्रायव्हरने सांगितलेलं आबांच्या कानावर घातलं, तरी ते यायचे थांबेनात. वाडीवरून पायी खाली, मग मिळेल ती गाडी. यायचे, खाली बसायचे.

“साहेब, बोलावू नगा तिला. नुसतं बगून या. जेवती का, डोक्यावर छप्पर हाय का. येवडं आलं की मी न्हाई येनार परत.”

वरिष्ठ म्हणाले, एवढ्यासाठी सरकारी गाडी मिळणार नाही. मग मी रजा टाकली आणि पत्नीला म्हटलं, चल, कोकण दाखवतो.

“लग्नानंतर महाबळेश्वर, त्यानंतर थेट हे,” ती म्हणाली. “आणि तेही केस घेऊन.”

मुरुडला पोहोचलो तेव्हा श्रावण लागला होता. माझ्या अंगात तो फुलाफुलांचा शर्ट. लॉजवाला आमच्याकडे बघतच राहिला. एवढ्या पावसात गिऱ्हाईक त्याला अपेक्षित नसावं.

“काय करता साहेब?”

“व्यापारी आहे. चिक्कीचा.”

“असं. मग बूट पोलिसाचे कसे?”

पत्नीने तोंड फिरवलं आणि बराच वेळ समुद्राचा देखावा पाहिला.

फोटो घेऊन गाव पालथं घातलं. घरगुती राहण्याच्या सोयी, खानावळी, सुपारीच्या वाड्या, मासळी बाजार. निम्म्या ठिकाणी कुलूप. कुणी तिला पाहिलं नव्हतं. थकलो, तेव्हा पत्नी म्हणाली, “आता निदान किल्ला तरी दाखवा.” राजपुरीच्या जेट्टीवर गेलो. होड्या काठावर ओढून वर माडाच्या विणलेल्या झापा आणि प्लास्टिक अंथरलेलं. एका पडवीत एक वयस्क होडीवाले बसले होते.

“होडी केव्हा सुटते?”

“नारळी पुनव झाली की बघायचं.”

“अहो, आम्ही लांबून आलोय.”

“मग लांबूनच बघा.”

माझ्यातला पर्यटक जागा झाला. “पावसातच तर खरी मजा. आमच्याकडे या, पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते.”

“कुठचे तुम्ही?”

“लोणावळ्याचे.”

“तरीच,” ते म्हणाले. “नारळ वाहिल्याबिगर दर्यात होडी घालीत नाय कोण. आणि सरकारचीही बंदी असते. जून लागला की किल्ला बंद, दरवर्षाला.”

“एखादा चोरून नेत असेल.”

“नेईल. परत कोण आणील?”

मला आणखी भांडायचं होतं. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आषाढात तो तिला घेऊन जंजिरा फिरला होता. होडीतून. भर पावसात.

थंडीत कधीतरी पाहुण्यांना घेऊन आला असेल तेव्हा त्याने किल्ला पाहिला होता. तळं खरं, तोफ खरी. पण तो पडला लोणावळ्याचा. आमच्याकडे पाऊस आला की सगळं उघडतं. पावसामुळे किल्ला बंद होतो, हे त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. थाप मारणारा आणि ती तपासणारा, दोघेही एकाच डोंगरावरचे शहाणे.

“काय झालं?” पत्नीने विचारलं.

“ती इथे आलीच नव्हती.”

“मग कुठे आहे?”

मी फोटो खिशात ठेवला. समोर किल्ला पावसात मध्येच दिसत होता, मध्येच नाही. गावात फोटो दाखवत फिरताना मी वैतागलो होतो, पण तेव्हा ती मुलगी कुठल्या तरी दाराआड जिवंत असण्याची शक्यता होती.

परत येऊन ड्रायव्हरला बोलावलं. होडीचं पुन्हा सांग म्हटलं.

“पाऊस होता?”

“लय. भ्याली ती. माजा हात धरून बसली व्हती.”

मी त्याला पुरतं बोलू दिलं. मग सांगितलं की पावसाळ्यात तिथे होडी नसते.

“बंद असती?” त्याने विचारलं. धंद्यातली एखादी माहिती आपल्याला नव्हती, याचं नवल वाटावं तसं. मग पाणी मागितलं.

पाणी पिऊन त्याने सगळं सांगितलं. ती दोघं लोणावळ्याबाहेर पडलीच नव्हती. त्याचं लग्न झालंय हे तिला कळलं होतं आणि तुझ्या घरी येऊन सांगते, असं ती म्हणाली होती. त्याने तिला धुक्यात एका कड्यावर फिरायला म्हणून नेलं आणि ढकललं. निवेदन पंचनामा झाला, पंचांसमक्ष त्याने जागा दाखवली. दोर लावून दरीत उतरणारी आमच्या गावची पोरं खाली गेली. सीझनमध्ये ती दर आठवड्याला उतरतात, वर येताना बोलत असतात. त्या दिवशी बोलत नव्हती.

मला शाबासकी मिळाली. कौशल्याने चौकशी करून गुन्हा उघडकीस आणला, असं बैठकीत वाचून दाखवलं गेलं. होडीवाल्याशी मी सहलीची तक्रार करत होतो, हे मी सांगितलं नाही.

आबांना वाडीवर जाऊन सांगावं असं ठरवलं होतं, पण तेच आधी आले. मी त्यांना माझ्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. अशा बातम्या सांगायची आम्हाला सवय असते म्हणतात. नसते.

“म्हंजी समुद्राकडं न्हवतीच गेली,” ते म्हणाले.

“नाही आबा.”

“आन् मी तिला रोज शिव्या घालीत व्हतो.” ते सावकाश बोलत होते. “भात लावताना, गुरं वळताना. म्हनायचो, समुद्र बगितला आन् बापाला इसरली. येऊ दे, दारात उबी करनार न्हाई.”

त्यांनी हात जोडले, सवयीने. मग विचारलं, “साहेब, तुमी कशाला गेलता तितं?”

जा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, मलाही.

या तपासाने काय शिकवलं, असं मला कुणी विचारलं की मी पावसाळ्याची गोष्ट सांगतो, लोक हसतात. खरं शिकलो ते निराळं आहे. गुन्हा उघडकीस आला की कुणाचं तरी भलं होतं, असं समजून मी नोकरी केली. आबा त्या दिवसांत आशेवर जगत नव्हते, रागावर जगत होते. राग जिवंत माणसावरच धरता येतो. तो मी त्यांच्याकडून काढून घेतला आणि बदल्यात त्यांना पंचनाम्याची प्रत दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. घडी करून खिशात ठेवली आणि पावसात निघून गेले.