बैठक शनिवारी होती

मावशी गुरुवारी गेली आणि बैठक शनिवारी होती. खरं तर एवढं एक वाक्य लिहून हा लेख संपवावा असं वाटतं, कारण माझ्या संतापाचं सगळं मूळ त्यात आलं. पण मावशी म्हणायची, ‘रिबी, अर्धवट बोलून तोंड फिरवू नये, समोरच्याला कळेल असं बोलावं.’ म्हणून लिहिते.

जळगावच्या आमच्या शाळेत सातवीचा तास चालू होता आणि दारात सुभाष उभा दिसला. सुभाष म्हणजे मावशीचा जावई. धुळ्याहून फोन लागेना म्हणून बिचारा मिळेल त्या एसटीनं आला होता. चोपड्याकडचा, स्वतः मास्तर, एरवी माझ्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलणारा. पण त्या दिवशी त्याच्या तोंडून घरचीच बोली आली. ‘अक्का, माय गयी.’ माणूस विचारतं, कधी गेली, कशी गेली, कोण होतं जवळ. मी विचारलं, ‘दिलं का त्यांनी तिला?’ त्यानं मान हलवली. ‘बैठक शनिवारले शे ना...’ मी हातातलं डस्टर फळ्यावर असं आपटलं की पहिल्या बाकावरच्या पोरी दचकल्या.

काय द्यायचं होतं, ते सांगते. आम्ही ख्रिस्ती लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन घेतो. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट, बस. पोट भरत नाही त्यानं, पण ज्याला ते नाकारलं तो आपल्याच घरात उपाशी. मावशीला ते नाकारलं होतं. माझ्या सलोमीमावशीला, जिच्याइतकं देवावर भिस्त ठेवून जगलेलं माणूस मी पाहिलं नाही. माझी आई मी लहान असतानाच वारली, वडील सुरतेला गिरणीत गेले ते तिकडचेच झाले. मावशीनं मला धुळ्याला आणलं. पुढं तिचे यजमान, आमचे काकाही गेले. पदरात मी आणि तिची कुसुम. मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करून तिनं आम्हा दोघींना शिकवलं. घरात पीठ संपलं तरी हिचं आपलं एकच, ‘प्रभू बघतो.’ आणि कुठून तरी पीठ यायचंही, नाही असं नाही. पण आणणारी माणसंच असायची, हे मी तेव्हाही तिला ऐकवायची.

कुसुम चोपड्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली आणि तिथंच सुभाषशी तिचं जमलं. मुलगा हिंदू, शेतकऱ्याचा. झालं! आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, जणू आग लागली. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीचे प्रमुख शमुवेलआबा स्वतः घरी आले. आबा वाईट माणूस असते तर फार सोपं झालं असतं हो. काका गेले तेव्हा शवपेटीला पहिला खांदा आबांचा होता. माझ्या ट्रेनिंग कॉलेजच्या वेळी तिथल्या साहेबांकडं शब्द टाकायला आबाच गेले होते. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, ‘सलोमीबाई, पोरगी गेली ती गेली. तुम्ही त्या लग्नाला जाऊ नका. गेलात तर मला नियमानं चालावं लागेल.’ मावशीनं त्यांना चहा दिला. म्हणाली, ‘आबा, पोर माझी आहे. तिच्या डोक्यावर मी अक्षता टाकल्या म्हणून माझा देव तोंड फिरवून बसणार आहे का?’ आबा चहा न पिता उठले.

ती गेली लग्नाला. तिच्यासोबत मीही गेले. मांडवात अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि मावशी पुढं झाली. दोघांच्या डोक्यावर हात ठेवून तिनं मोठ्यानं प्रार्थना केली, अगदी ‘आमेन’पर्यंत. मला वाटलं, आता कोणीतरी ओरडणार. तर सुभाषची आई, नऊवारीतली, कपाळभर कुंकू, पुढं आली आणि मावशीपुढं वाकून म्हणाली, ‘मन्हा बी डोकावर हात ठेवा, बाई.’ मावशीनं तिच्यासाठीही प्रार्थना केली. एवढं सरळ होतं ते सगळं! ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांना कळलं, आणि ज्यांना आयुष्यभर शास्त्र पाठ होतं ते धुळ्यात बसून ठराव लिहीत होते.

कुसुमचं नाव मंडळीतून काढलं. मावशीचं प्रभुभोजन बंद केलं. मंडळीपुढं उभं राहून ‘मी चुकले’ अशी कबुली दिली की पुन्हा सुरू. आणि ऐका, पुढं काय झालं ते. प्रभुभोजनाचे ते छोटे छोटे पेले वर्षानुवर्षं मावशीच धूत आली होती. ठराव झाल्यावर ते काम दुसऱ्या कोणाकडं जायला हवं होतं की नाही? पण कोण धुणार! सगळ्यांना घरी मटण शिजायला टाकायचं असायचं. तेव्हा पेले धुवायला मावशी चालत होती, प्यायला चालत नव्हती. ही धुवायची! मागच्या खोलीत पदर खोचून, गुणगुणत धुवायची. मी म्हणाले, ‘फेकून दे ते नाल्यात.’ तर म्हणाली, ‘पेल्यांनी काय केलंय?’

ठरावानंतरचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार मी विसरणार नाही. बायकांच्या बाजूला भिंतीकडच्या बाकावर ती आपल्या जागी बसली, मी तिच्या पलीकडं. आबा भाकरीचं ताट घेऊन रांगेनं आले आणि तिच्यापाशी आल्यावर त्यांनी हात लांब करून, तिच्या अंगावरून, ताट माझ्यापुढं धरलं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी काही बोलणार, तेवढ्यात मावशीनं दोन्ही हात पुढं केले आणि हळूच म्हणाली, ‘मला द्या. मी पुढं देते.’ आबा गोंधळले. उपासनेत तमाशा कोण करणार? दिलं त्यांनी. तिनं ताट धरलं, डोळे मिटले, आणि न घेता माझ्याकडं दिलं. तेव्हापासून दर महिन्याला हेच. सगळ्या बाकाला भाकर तिच्या हातून जायची आणि ती कोरडी. हे कुसुमला कधी कळू द्यायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं. शपथ घेऊ नये म्हणून सगळ्यांना सांगणारी बाई, माझ्याकडून मात्र शपथ घेतली! कुसुमला वाटायचं, आई नुसती मागं बसून येते. तिला त्या दारात येऊ देत नव्हते, त्यामुळं तिनं कधी पाहिलंही नाही.

त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला तर कहर झाला. आमच्याकडं सणाला जो तो आपलं काही आणतो, ज्वारी, कोंबडी, भोपळा, लिंबं, आणि मग मंदिराच्या आवारात लिलाव होतो. मजेचा दिवस असतो तो. एकेका लिंबासाठी चढाओढ लागते, पैसा देवाच्या कामाला जातो. सुभाषनं शेतातला केळीचा घड पाठवला होता, असला भरलेला की उचलायला दोघं लागावेत. मावशीनं तो टेबलावर ठेवला. बोली पुकारायला आबाच. त्यांनी पुकारलं. कोणी बोललं नाही. परत पुकारलं. बायका पदराशी चाळा करत बसल्या, पुरुष चपलांकडं बघत. आताच ज्यांनी एका फुटक्या भोपळ्यासाठी आरडाओरडा केला होता, त्यांच्या जिभेला कुलूप! मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेले, खिशात दमडी नाही, नाहीतर मीच ओरडले असते. वाटलं, तो घड उचलून एकेकाच्या टाळक्यात घालावा. आणि मावशी उठली. ‘मी घेते, आबा.’ आपलीच वस्तू, आपणच बोली बोलली. पैसे पेटीत टाकले, घड ओढत फाटकापाशी नेला आणि तिथं उभी राहिली. जो बाहेर पडेल त्याच्या हातात एक केळं. ‘सलाम, जॉनभाऊ.’ ‘सलाम, मार्थाबाई, नातवाला पण न्या.’ घेतलं की हो सगळ्यांनी! लहान मुलांनी तिथंच सोलून खाल्लं. शेवटी आबा आले. त्यांनीही घेतलं, खाल्लं नाही, कोटाच्या खिशात घातलं. घरी येताना मी रडत होते रागानं, आणि ही म्हणते कशी, ‘केळी छान पिकली होती, नाही?’

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, ‘शहरात दुसरी मंडळी नाही का? तिकडं चल, पहिल्याच रविवारी देतील तुला.’ ती म्हणाली, ‘हे भाड्याचं घर आहे का बदलायला?’ मी म्हणाले, ‘मग दे कबुली आणि हो मोकळी.’ तेव्हा मात्र तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. ‘कबुली देईन गं, हजार गोष्टींची देईन. पण पोरीच्या लग्नाला गेले ही चूक नाही. देवापुढं उभं राहून खोटं बोलू? आणि त्या खोट्यावर त्याची भाकर खाऊ?’ मी ओरडले, ‘मग तुझा प्रभू काय करतोय?’ ‘तो बघतो.’ ‘बघतो, बघतो! अगं, बघत बसण्यापलीकडं काही करतो का तो?’ तिनं माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. मला तिच्या त्या शांतपणाचा राग यायचा, अजून येतो. कुठं तरी तिनं एकदा, फक्त एकदा, टेबलावर हात आपटायला हवा होता...

अशीच वर्षं गेली. कुसुमला मुलं झाली, सासरी ती लेकीसारखी राहिली, सगळं स्थिरस्थावर झालं. आमची मंडळी तेवढी जागची हलली नाही. या वर्षी उन्हाळ्यात मावशी अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आम्हाला काय ते सांगितलं. कुसुम रजा काढून आईजवळ येऊन राहिली. आजारी माणसाला पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, घरी येऊन प्रभुभोजन देतात. तेवढं एक मावशीनं मागितलं. उभ्या आयुष्यात माणसांकडं तिनं मागितलेली ही एकच गोष्ट. पाळकसाहेब नवे, तरुण, मनाचे चांगले, पण पाठीचा कणा अजून यायचा होता. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, ‘माझी तयारी आहे, पण कमिटीला विचारावं लागेल.’ मी तडक आबांकडं गेले. आबा थकलेले, हात कापत होते. म्हणाले, ‘रिबका, मी एकटा कोण ठरवणार? जुना ठराव आहे. शनिवारी बैठक घेतो.’ मी म्हणाले, ‘आबा, ती शनिवारपर्यंत नाही राहिली तर?’ आबा म्हणाले, ‘प्रभूची इच्छा.’ बघा! आपला हात आखडता घ्यायचा आणि नाव प्रभूचं पुढं करायचं.

मला शाळेसाठी जळगावला परतावं लागलं. निघताना मावशीनं माझा हात धरला. बोलणं जड झालं होतं. ‘रिबी, शनिवारी बैठक आहे. या वेळी होईल बघ.’ तिनं कुसुमकडून एक पांढरं फडकं धुऊन घेतलं होतं, स्टुलावर अंथरायला, पाळकसाहेब येतील म्हणून. घडी घालून उशाशी ठेवलं होतं. मी घरी पोचले तेव्हा ती घडी तशीच होती.

दफनाला सगळी मंडळी लोटली. पाळकसाहेब बोलले, विश्वासू भगिनी, प्रार्थनेची स्त्री, आम्हा सर्वांची आई. बायका हुंदके देत होत्या. मेल्यावर गोडवे गायला काय लागतं! आबा शवपेटीला खांदा द्यायला पुढं आले, तेव्हा मी आडवी आले. सगळ्यांदेखत म्हणाले, ‘आबा, तुमची बैठक उद्या आहे ना? ठराव झाल्यावर या.’ सुभाषनं माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. आबा मागं सरले, खांदा सुभाषनं दिला. मी बोलले ते बोलले, त्याचा मला पश्चात्ताप नाही. शनिवारची बैठक झालीच नाही म्हणे. विषयच उरला नव्हता.

परवा महिन्याचा पहिला रविवार होता. मी आदल्या दिवशीच धुळ्याला गेले. कुसुम म्हणाली, ‘मला आईची जागा बघायचीय.’ लग्नानंतर ती पहिल्यांदा त्या दारातून आत आली. कोणी अडवलं नाही, कोणी सलामही केला नाही. भिंतीकडच्या बाकावर आईच्या जागी तिला बसवलं, पलीकडं मी. मनात मी शब्द घासूनपुसून तयार ठेवले होते. आज ताट तिच्यावरून गेलं तर भर उपासनेत उभं राहायचं आणि मावशीनं कधी केलं नाही ते करायचं, सगळं ऐकवायचं. आबा ताट घेऊन आले. त्यांनी कुसुमकडं पाहिलं. थांबले. मग त्यांचा हात लांब झाला, तिच्या अंगावरून, माझ्याकडं... मी उठायला बाकाची कड धरली.

आणि कुसुमनं दोन्ही हात पुढं केले. ‘मला द्या,’ ती म्हणाली, ‘मी पुढं देते.’

तोच हळू आवाज. तिला कोणी सांगितलं नव्हतं हो, मी तर शपथेनं बांधलेली. आबांच्या हातातून ताट तिनं घेतलं की त्यांच्या हातून सुटलं, मला कळलं नाही. कुसुमनं डोळे मिटले, न घेता ताट माझ्याकडं दिलं. मीही घेतलं नाही, शेजारणीकडं दिलं. मागं वळून पाहिलं तर आबा तिथंच उभे होते, रिकामे हात तसेच पुढं धरून.

मी माफ केलेलं नाही. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण मावशीचं नाव घेऊन माझ्याकडून ते कोणी वदवून घेऊ नये. पुढच्या पहिल्या रविवारी कुसुम येणार आहे. मीही जाणार आहे. त्याच बाकावर बसू, आणि आबांचे हात कुठं थांबतात ते बघू.