राग बांधावर ठेव

पार्बताकाकी भाताच्या रोवण्याला आली, की बांधीत, चिखलाच्या खाचरात, पाय टाकण्याआधी सगळ्या बायांना तीन गोष्टी बांधावर, आमच्याकडच्या धुऱ्यावर, ठेवायला लावायची: शिदोरी, वहाणा आणि भांडण. "राग इथं ठेव वो. जातानी घेऊन जाजो, कोनी चोरत नाई," म्हणायची. आम्ही हसायचो.

आणीबाणीच्या आधीचा पावसाळा असेल. आमचे हे सानगडीच्या बाजारातून सायकलनं येत होते आणि सडकेच्या वळणालगतच्या बांधीत आम्ही रोवत होतो. चाकं करकरली, काहीतरी आदळलं. वर पाहते तर मोटारीखाली सायकल, आणि हे बाजूला पडलेले, डोक्यातून रक्त.

धावले. हातात दगड कधी आला, मला ठाऊक नाही. "ड्रायव्हरले सोडू नोका!" कोणी ओरडलं, माणसं काठ्या घेऊन आली. ड्रायव्हर, अर्ध्या मिशा पिकलेला माणूस, दाराला चिकटून थरथरत होता.

काकी मधे उभी राहिली, कोपरापर्यंत चिखल. "मारा नं! हात मोडा त्याचे. मंग साकोलीच्या दवाखान्यात गाडी कोन नेईन? तू नेशीन का रे, बैल जुपून?"

काठ्या खाली आल्या. आमच्या गावात मोटार चालवता येणारं कोणी नव्हतंच.

तिनं माझ्या मुठीतला दगड सोडवून स्वतःच्या ओच्यात खोचला. एकजण यांच्या तोंडात पाणी घालायला वाकला, त्याचा लोटा तिनं हिसकावला. "बेसुद्ध मानसाले पानी? घशात अटकन ना!" धुऱ्यावरून शिदोरीचं कोरडं फडकं आणून मला दिलं. "रडून काय राहिली? जखमेवर दाब. सोडू नोको."

मान हलू न देता चौघींनी यांना गाडीत ठेवलं. मग काकी ड्रायव्हरकडे वळली. "भाऊ, हात दाखव." त्याचे हात तिनं आपल्या चिखलाच्या हातांत धरले, कापायचे थांबेपर्यंत. "आता चालव."

वाटभर ती एकच विचारत होती, "श्वास चालू हाय ना?"

"हाय."

एकदा श्वास हाताला लागेना, मला सांगताच येईना. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं.

"तू समोर पाह्य!" काकी गरजली.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वाचले. काकीनं ओच्यातला दगड काढून माझ्या तळहातावर ठेवला. "घे तुया राग. आता मारायचा असन तं मार."

व्हरांड्यात तो माणूस खाली मान घालून बसला होता. त्याच्या हातांवर काकीच्या बोटांचा चिखल वाळून पांढरा झाला होता. मी दगड दवाखान्याच्या कुंपणाशी ठेवला.

काकी जाऊन बरीच वर्षं झाली. त्या वळणावर अजून गाड्या आदळतात. आवाज आला की मीही जाते, गुडघे धरून का होईना, आणि आधी पाहते, लोकांच्या हातात काय आहे.