आंबिलीचं सुतक

माझी थोरली बहीण गोजरा भुकूमला दिली. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्याविषयी लिहावं असं तिनं आयुष्यात काही वेगळं केलेलं नाही. घरावर एक मजला चढवलाय, वरच्या चार खोल्या भाड्यानं दिल्यात, खाली ती आणि दाजी राहतात. मुलगा अमोल पिरंगुटला कंपनीत, पाळ्यांवर. पण गेले सहा महिने तिच्याकडं नुसतं पाहिलं तरी आपल्यालाच दम लागतो.

पावसाळ्याच्या तोंडी नथू दाजींना न्यूमोनिया झाला. सतरा दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला, पण भारी औषधांनी पोट पार गेलं. दिवसातून सात-आठ वेळा उठायचं, आणि एखाद्या वेळी पोचायच्या आतच. दूध चालेना, ताकही चालेना. डॉक्टर म्हणाले, पोटातले चांगले जंतूही औषधानं गेलेत, वेळ लागेल. जंतू चांगलेही असतात हे अक्काला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शेवटी अंगी लागली ती नाचणीची आंबील, तीही ताकाशिवायची. डॉक्टरांना विचारलं, तर गोळ्या चालू ठेवा आणि पचतंय ते द्या म्हणाले.

तेव्हापासून अक्काचा दिवस आंबिलीवर फिरायला लागला. संध्याकाळी देवाला दिवा लावायचा, मग पिठाची पातळ पेज शिजवायची, कोमट झाली की मडक्यात ओतायची. मडक्याच्या तळाशी कालची वाटीभर आंबील राखलेली असते, ते आंबवण. त्यानंच सकाळपर्यंत पेज आंबते. सकाळी पाणी घालून सरबरीत करायची, मीठ, भाजलेलं जिरं, की झाली. मग दिवसभर दाजींना वाटी वाटी पाजायची. मधे धुणं, भांडी, भाडेकरूंच्या पाण्याच्या तक्रारी. मी फोन केला की ती बोलता बोलता गप्प व्हायची. आधी वाटायचं रेंज गेली. मग कळलं, बसल्या जागी डोळा लागतो.

वरच्या खोलीत सायली नावाची मुलगी राहते. बार्शीकडची, हिंजवडीला नोकरी. घोटावड्याच्या रस्त्यानं गाडीवर जाते-येते. तिचंही पोट कायम बिघडलेलं. उशाला पित्ताच्या गोळ्या आणि फ्रिजमध्ये महागाच्या बाटल्या. अक्कानं एकदा बाटली हातात घेऊन विचारलं, यात काय असतं. सायली म्हणाली, चहा आंबवलेला असतो, पोटाला चांगला.

"म्हंजी शिळा च्या इकत घेतीस व्हय?" अक्का म्हणाली.

पण त्याच दिवशी तिनं कॉफीच्या रिकाम्या बरणीत वाटीभर आंबवण घालून तिला दिलं. पहिल्या वेळी सायलीनं त्यावर गरम पेज ओतली आणि ते मेलं. दुसऱ्यांदा दिलं. नंतर कळलं, नाचणी संपली म्हणून ती ओट्स घालते. अक्का म्हणाली, घोड्याचा चारा हाय त्यो, आमच्या आंबिलीला कशापायी बाटवतीस. पोरीला लागलं असावं. पुढं पंधरा दिवस ती जिन्यावर दिसली तरी नुसतं हसून जायची.

मार्गशीर्षात मुठा गावचे कुशाबा गेले. दाजींचे चुलत चुलते, नव्वदी पार केलेले. अमोल मातीला गेला. अक्काची थोरली जाऊ भागूबाई शेजारच्याच दारात राहते. ती ओल्या केसांनीच अक्काच्या स्वयंपाकघरात आली आणि भावकीचं सुतक लागलं म्हणून शिजलेलं सगळं काढायला लावलं. भात गेला, कालवण गेलं. मग तिनं मडक्याकडं बोट केलं.

"आंबील बी शिजवल्यालीच हाय, गोजरे. आन मातीचं मडकं तर ठिवायचंच न्हाई."

माणूस आजारी आहे म्हणून अक्काला नाही म्हणता आलं असतं. तिनं म्हटलं नाही. मला नंतर तिनं कारण सांगितलं. माणूस घरात असा पडलेला असताना देवाशी वाकडं घ्यायची तिची छाती झाली नाही. तिनं स्वतःच मडकं उचललं, मागं शेवग्याखाली नेऊन फोडलं आणि वर दोन तांबे पाणी ओतलं.

नवीन आंबवण धरायचं तर थंडीत चार-पाच दिवस जातात. सुतकात नवं मडकं आणायचं नाही ते वेगळंच. तिनं मला सासरी जांब्याला फोन केला. मी दुसऱ्या घरची, मला सुतक नाही, पण माझी आंबील ताकातली. ती दाजींना चालणार नव्हती. त्या दिवशी तिनं साधी तांदळाची पेज दिली. संध्याकाळपर्यंत दाजी सहा वेळा उठले. सहाव्या वेळी ते मोरीच्या दारात खाली बसले आणि तिथून त्यांना उठवता येईना. अमोल मातीहून परस्पर कामावर गेलेला. दाजींचं वजन आधीच बेचाळीस किलोवर आलेलं. अक्का म्हणाली, माझ्याच्यानं बेचाळीस किलो बी उचलना झालं, तवा मला रडू आलं. शेवटी भागूबाईला बोलावून दोघींनी त्यांना खाटेवर आणलं.

देवाला दिवा नाही, ओट्यावर मडकं नाही. ती तशीच जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. सायली कामावरून आली ती तिला ओलांडून जाऊ शकेना. तिनं विचारलं, काकू, काय झालं. अक्कानं सगळं सांगितलं. सायलीला सुतक म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. तिनं दोनदा विचारून घेतलं.

"मग मला आहे का सुतक?"

"तू कुटली आमची? तुला कसलं सुतक."

"मग माझ्या बरणीलाही नसेल ना?"

अक्का उठली आणि आधी भागूबाईकडं गेली. भागूबाईनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. शेवटी म्हणाली, भाडेकरूला सुतक नसतं. पण तू शिवू नकोस. तू हात लावलास की ते आपलं झालं.

मग पुढचे दिवस असं चाललं. अक्का वरच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसायची आणि आत सायली आंबील करायची. नाचणीचं पीठ तिनं दुकानातून आणलं. अक्का बाहेरून सांगायची, ढवळ, गुठळी मोड, आता उतरव. बोट घालून बघ, बोटाला सोसलं तरच ओत. पहिल्या सकाळी आंबलंच नाही. फ्रिजमध्ये आंबवण गारठलं होतं. दाजी आणखी एक दिवस पेजेवर राहिले, आणि अक्का मला फोनवर म्हणाली, आता काय हे ऱ्हात्यात गं. मी माझ्या देवापुढं तिच्या वाटचा दिवा लावला. दुसरं काय करणार.

सायलीनं बरणी शालीत गुंडाळून उशाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर वर बारीक बुडबुडे. अक्कानं उंबऱ्यावरूनच वास घेतला आणि मान हलवली. सायली कामावर जायच्या आधी भांडं खाली आणून दाजींच्या खाटेजवळ ठेवायची. त्या दिवशी दाजी तीनदा उठले. दुसऱ्या दिवशी दोनदा.

आणि अक्का झोपली. संध्याकाळी दिवा नाही, पेज नाही, देवाचं काहीच करायचं नाही. भाकरी केली की ती भिंतीला टेकायची आणि दाजींच्या आधी घोरायची. मी भेटायला गेले तर बारा वाजता दिवसाढवळ्या झोपलेली. दाजींनीच मला खुणेनं सांगितलं, उठवू नको.

दहाव्याला सुतक फिटलं. घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं. अक्कानं नवं मडकं आणलं, धुपाची धुरी दिली. सायली बरणी घेऊन खाली आली. अक्कानं आधी चमचाभर तोंडात घेतलं.

"अजून वट्सचा वास येतोय."

"हिच्या हातची बरी लागती," दाजी खाटेवरून म्हणाले. आजारपणानंतर त्यांनी मारलेला पहिला टोमणा.

अक्कानं अर्धी आंबील मडक्यात ओतली, वर फडकं बांधलं, देवापुढं निरांजन लावलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि उरलेली बरणी सायलीच्या हातात परत दिली. सायली म्हणाली, काकू, आता तर तुमचं सुरू झालं, मला कशाला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," अक्का म्हणाली. "वट्स घाल न्हाईतर काय बी घाल, पर जितं ठेव. आमची भावकी लई मोठी हाय."