बुधवारचं पापलेट

वनिताताई ओव्हनमध्ये पापलेट ठेवून केस विंचरायला बसत. वेणी घालून होईपर्यंत जेवण तयार! नेरूळला आमच्या सोसायटीत त्या समोरच्या दारी राहायच्या. मूळच्या उरणकडच्या आगरी, नवरा गेल्यापासून एकट्या. साडेसहाला बँकेतून आल्या की हिरवं वाटण चोळलेलं पापलेट केळीच्या पानात गुंडाळून ओव्हनमध्ये, आणि साडेसातला त्यातलं निम्मं माझ्या घरी. दर बुधवारी.

मला ते घशाखाली उतरत नसे. कारण आमचे हे. तळोज्याहून दमून आलेला माणूस दारातच वास घ्यायचा आणि विचारायचा, "वनिताताईंकडचं आलं का?" माझ्या पिठल्याची अशी चौकशी लग्नाच्या बारा वर्षांत झाली नव्हती. मी जळून खाक व्हायचे.

शेवटी मीही ओव्हन घेतला. मी साताऱ्याची, शाकाहारी घरातली. पापलेट वास जाईपर्यंत पाच पाण्यांनी धुतलं, शिजलं का म्हणून दर दोन मिनिटांनी ओव्हन उघडला. ह्यांनी एक घास खाल्ला आणि लोणचं मागितलं.

उरलेलं वनिताताईंनी चाखलं. "बाय, मावऱ्याचा वासच धुवून टाकलास, आता रायलं काय?" मग शेजारी उभं राहून शिकवलं. एकदाच धुवायचं, कोकमाचं आगळ लावायचं, दार उघडायचं नाही. "सारखी डोकावू नको गो. त्याला एकटं सोड."

इतक्या मोकळेपणाने शिकवलं, याचाही मला रागच आला. मी त्यांच्या जागी असते तर एक अक्षर सांगितलं नसतं.

निवृत्त झाल्यावर त्या उरणला भावाकडे गेल्या. त्यानंतरच्या एका बुधवारी माझं पापलेट जमलं. हे बोटं चाटत म्हणाले, "ताईंपेक्षा भारी!" मी जेवण अर्धं टाकून वनिताताईंना फोन लावला. ही बातमी त्यांना ऐकवायचीच होती.

पण आधी त्याच बोलल्या. "भावजय ओट्याजवल उभी नाय करत गो. आयतं खायाचं, दुसरं काय? हात शिवशिवतान." मग म्हणाल्या, "तू केलंस काय आज?"

"केलं," मी म्हणाले. "पण ह्यांनी तोंड वाकडं केलं. तुमच्या हातची चव नाहीच म्हणाले."

"नाय जमाचा तुला!" म्हणत त्या खदाखदा हसल्या. वर दोनदा विचारून घेतलं, अगदी असंच म्हणाले का म्हणून.

थाप माझीच होती. तरीही फोन ठेवेपर्यंत मी जळत होते.